गोशाळेचे खत आणि इंदूर पद्धती

वसुबारसेस गोशाळेत सवत्स धेनूचे पूजन होते, बलिप्रतिपदेस अंगणात शेणाचा गोवर्धन मांडला जातो आणि पोळ्यास बैलांची शिंगे रंगविली जातात. या दिवशी गोशाळेकडे वळणाऱ्या भाविकांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘दूध किती निघते?’ उत्तर ऐकून पुष्कळांचा विरस होतो. देवस्थानांच्या गोशाळांतील बहुतेक जनावरे भाकड गाई, थकलेले बैल आणि कोणी तरी आणून सोडलेले गोऱ्हे अशीच असतात. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या वधास बंदी आहे, तेव्हा ज्या जनावराचा शेतकऱ्यास उपयोग उरला नाही ते अखेर गोशाळेच्या दारी येते. विश्वस्तांच्या सभेत चाऱ्याच्या खर्चाची बाब निघाली म्हणजे तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुढे येतो. दूध नाही, नांगर नाही, मग ही जनावरे केवळ धर्मकार्य म्हणून पोसावयाची काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या इंदूर नगरातच सुमारे शंभर वर्षांपूर्वी तयार झाले व पुढे ते साऱ्या जगात गेले. त्याची माहिती भाविकांस व विश्वस्तांस व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख दिला आहे. आज ज्यास ‘पुनरुज्जीवक शेती’ म्हणतात, म्हणजे पीक घेता घेता जमिनीचा कस कमी न होता वाढत जाईल अशी शेती, तिचे एक मूळ येथील एका गोठ्यात आहे. त्या गोठ्यात चाळीस जनावरे बांधण्याची सोय होती. ती सर्व बैल होती. दुधाचा थेंबही तेथे निघत नव्हता.

संस्थेची हकीकत

सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत बिहारमधील पुसा येथे आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि बरेचसे संशोधन उभयतांचे आहे. निरनिराळी खाती निरनिराळ्या पिकांवर व रोगांवर स्वतंत्रपणे काम करतात, संपूर्ण शेताकडे मात्र कोणीच पाहत नाही, ही हॉवर्ड यांची तक्रार होती. १९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली तेव्हा त्यांना हवे तसे क्षेत्र मिळाले. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. खर्चाचा भार कापूस समितीने व मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी उचलला. मुख्य काम कापसाचे होते, परंतु काळ्या जमिनीतील कापूस सुधारावयाचा तर आधी ती जमीन सुधारली पाहिजे, हे हॉवर्ड यांनी प्रारंभीच ओळखले.

येथील रसायन विभागात मुख्य साहाय्यक म्हणून श्री. यशवंत वाड हे काम करीत होते. खताच्या कृतीची मोजमापे आणि रासायनिक परीक्षणे यांत त्यांचा मोठा वाटा होता. १९३१ मध्ये ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा ग्रंथ लंडन येथे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांचीही नावे आहेत. हॉवर्ड यांचे नाव आज जगभर घेतले जाते. वाड यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या नगरातही फारसे कोणास ठाऊक नाही, याचे वाईट वाटते. १९३१ मध्ये हॉवर्ड स्वदेशी परतल्यावरही वाड यांचे काम चालू राहिले. १९३४ मध्ये जॅक्सन व वाड यांनी वस्तीतील घाणीची व कचऱ्याची विल्हेवाट याच पद्धतीने कशी लावावी यावर पुस्तिका लिहिली. एप्रिल १९३५ मध्ये महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता त्यांनी संस्थेत जाऊन ही कृती पाहिली. त्या जागी आज इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे.

हॉवर्ड यांच्या १९४० च्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथाने इंग्लंडात व अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या चळवळीस बळ दिले. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये या विषयास वाहिलेले मासिक काढले आणि त्यांचे पुत्र रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या दशकात ‘पुनरुज्जीवक शेती’ हा शब्द रूढ केला. म्हणजे जो शब्द आज परदेशातून आल्यासारखा वाटतो, त्याचा प्रवास इंदूरच्या गोठ्यावरून झालेला आहे. मात्र येथे अवास्तव अभिमानही नको. हॉवर्ड यांनी चीन व जपान येथील शेतकऱ्यांच्या परंपरेचे ऋण मोकळेपणाने मानले आहे. आपल्याकडील ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथातही माघ मासी शेणाच्या ढिगाचे पूजन करून ते शेण उन्हात वाळवावे, फाल्गुनात खड्ड्यांत भरावे व पेरणीच्या वेळी बाहेर काढावे, असे सांगितले आहे. इंदूर येथे जे नवे झाले ते मोजमाप, आणि रानातील काडीकचरा व गोठा यांची रोजच्या कामात घातलेली सांगड.

गोठा कसा होता

गोठ्याची जमीन फरसबंदी नव्हती, मातीची होती. हे मुद्दाम केलेले होते. मातीवर जनावर सुखाने बसते, त्यास ऊब मिळते आणि मूत्र वाया न जाता मातीत मुरते. दर तीन-चार महिन्यांनी सहा इंच जाडीची माती खणून काढीत व तेथे नवी माती भरीत. काढलेली माती चुन्याच्या घाणीसारख्या घाणीत दळून, तिची भुकटी गोठ्यालगतच्या कोठडीत साठवीत. या मूत्रयुक्त मातीस हॉवर्ड फार जपत. जनावराच्या मलमूत्रातील नत्राचा मोठा भाग मूत्रात असतो. आपल्याकडे शेण गोळा करण्याची रीत आहे, मूत्र मात्र नालीतून वाहून जाते. अलीकडे देणगीदारांच्या औदार्याने गोशाळांतून सिमेंटचे कोबे व फरशा होऊ लागल्या आहेत. स्वच्छतेसाठी ते बरे दिसते, परंतु अशा गोठ्यात मूत्रासाठी पन्हळ व टाके केले नाही, तर खताचा अधिक मोलाचा भाग रोज गटारात जातो, हे देणगीदारांस नम्रपणे सांगितले पाहिजे. शिवाय म्हाताऱ्या जनावराचे गुडघे फरशीवर सोलले जातात, तो त्रास निराळाच.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. शेतातील सर्व प्रकारचा काडीकचरा, निंदणीचे तण, उसाची पाचट, झाडांचा पाला एकत्र मिसळून रोज जनावरांखाली पसरीत. ताजे तण आधी कोमेजू देत. कापसाच्या व तुरीच्या कठीण पळाट्या शेतातील वाटेवर टाकीत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या खुरांखाली त्या चेचल्या जात. यंत्र नाही, इंधन नाही. रात्रभर जनावर त्यावर बसले, की सकाळी ते अंथरूण ओले, तुडविलेले व शेणमुताने माखलेले मिळे. निम्मे काम जनावरांनीच केलेले असे.

खड्डा भरण्याची रीत

गोठ्यालगत ३३ खड्डे होते. प्रत्येक खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल, बाजू उताराच्या. खड्डे जोडीजोडीने होते व दोन जोड्यांमध्ये १२ फुटांची वाट होती. ओळींमधूनही भरलेली गाडी जाईल इतकी जागा ठेवलेली होती. खोली दोन फुटांहून अधिक नसण्याचे कारण हवा. खोल खड्ड्यात तळाशी हवा पोहोचत नाही, माल कुजण्याऐवजी सडतो, दुर्गंधी सुटते व माश्या होतात. आपल्याकडील नेहमीचा उकिरडा नेमका याच कारणाने बिघडतो.

सकाळी गोठ्यातील अंथरुणावर मूत्रमाती व लाकडाची राख पसरून ते गोळा करावयाचे, खड्ड्यात सुमारे तीन इंचांचा थर द्यावयाचा, त्यावर शेण, राख, मूत्रमाती व आधीच्या खड्ड्यातील दहा-पंधरा दिवसांचे विरजण पाण्यात कालवून केलेला सडा शिंपडावयाचा. पुन्हा थर, पुन्हा सडा. ‘विरजण’ हा शब्द येथे उपमेने योजिलेला नाही. दह्यास जसे जुने दही लागते तसेच नव्या खड्ड्यास जुन्या खड्ड्यातील बुरशी व जिवाणू लागतात. राख आम्लता मारते, माती नत्र धरून ठेवते. माल पायांनी दाबावयाचा नाही. खड्ड्याचे एक टोक रिकामे ठेवावयाचे, म्हणजे पुढे माल पलटण्यास जागा मिळते.

भरल्यावर खड्डा तापतो. उष्णता सुमारे ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते, आणि पुढे हळूहळू उतरत तीन महिन्यांच्या अखेरीस ३३ अंशांच्या आसपास येते. या उष्णतेने तणांचे बी व पुष्कळसे रोगजंतू मरतात. ज्या खताने शेतात तण वाढते ते खत तापलेले नव्हते, असे समजावे. माल तीन वेळा पलटावा लागतो : पहिल्यांदा सुमारे १६ दिवसांनी, दुसऱ्यांदा महिन्याने, तिसऱ्यांदा दोन महिन्यांनी. दर वेळी पाणी शिंपडावयाचे. पिळलेल्या ओल्या फडक्याइतकी ओल असावी. त्याहून कमी झाल्यास क्रिया थांबते, अधिक झाल्यास हवा बंद होते. पहिल्या काही दिवसांत पांढरी बुरशी दिसली तर खड्डा चांगला चालला आहे. वास येऊ लागला व माश्या दिसल्या तर वाट न पाहता माल पलटून सुके काड मिसळावे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून त्या महिन्यांत जमिनीवरच दोन फूट उंचीचे ढीग करीत, तळाशी ८ फूट व माथ्यावर ७ फूट चौरस.

या सर्व खटाटोपामागील गणित थोडक्यात असे. कुजविणाऱ्या जिवाणूंस कर्ब हे अन्न आणि नत्र हे शरीर बांधण्याचे द्रव्य. प्रारंभी मिश्रणात कर्ब व नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ असे असावे. तयार खतात ते १० ला १ च्या जवळ येते. गव्हाच्या काडात हे प्रमाण ८० ला १ च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक, शेणात २० ते २५ ला १. नुसते काड पुरले तर ते जमिनीतीलच नत्र ओढून घेते व उभे पीक पिवळे पडते. नुसत्या शेणाचा ढीग केला तर नत्र हवेत उडून जाते. दोहोंचे लग्न लावले तरच संसार होतो.

तीन महिन्यांनी जे मिळे ते काळसर, भुसभुशीत व मातीच्या वासाचे खत. हे उत्पादन बैलजोडीमागे वर्षास सुमारे ५० गाड्या, म्हणजे चाळीस बैलांवर सुमारे हजार गाड्या असे पडे.

हजार हा आकडा अतिशयोक्तीचा वाटू शकेल, म्हणून साधा हिशोब करून पाहावा. एका जनावराचे दिवसास १० किलो शेण धरले तर चाळीस जनावरांचे वर्षाचे १४६ टन ओले शेण होते. त्यातील चार पंचमांश पाणी वजा जाता सुके द्रव्य ३० टनांहूनही कमी उरते. म्हणजे खताच्या गाड्या शेणाने भरत नाहीत, त्या काडीकचऱ्याने भरतात. शेण व मूत्र यांचे काम कचऱ्याचे खत करण्याचे आहे. गोशाळेत शेण कमी पडते अशी तक्रार असेल तर बहुधा काड कमी पडत असते.

काड कोठून आणावयाचे

हॉवर्ड यांच्या वेळी माळव्यात कापूस, ज्वारी व तूर ही पिके होती आणि पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक राही. १९७० च्या दशकापासून सोयाबीन आले, आणि खरिपात सोयाबीन व रब्बीत गहू-हरभरा हा क्रम बसला. बैल शेतातून गेले, कापणीची यंत्रे आली. यंत्राने गहू कापल्यावर जे धसकट व काड शेतात उभे राहते, ज्यास येथे नरवाई म्हणतात, ते चैत्र-वैशाखात पेटवून देण्याची घातक चाल पडली आहे. शासनाने दंडाची तरतूद केली, तरी धूर थांबलेला नाही. ज्या गोष्टीसाठी गोशाळेचे खड्डे रिकामे आहेत तीच गोष्ट शेजारच्या शेतात जळते आहे! गोशाळेने आसपासच्या शेतकऱ्यांशी ‘काड द्या, खत न्या’ असा व्यवहार ठरविल्यास दोघांचेही भले होईल. वाहतुकीचा खर्च जड जातो, म्हणून हा व्यवहार दोन-चार कोसांच्या आतच ठेवावा. जे काड गुरांस खाण्याजोगे आहे ते आधी गव्हाणीत जावे. गव्हाणीतील उष्टे व मातीत मिसळलेले तेवढे अंथरुणास.

दुसरा पुरवठा देवळातलाच आहे. निर्माल्य पायदळी येऊ नये, ही भावना योग्यच आहे. ते नदीत सोडणे मात्र आता कोणीही योग्य म्हणणार नाही. झेंडू, शेवंती, बेल, तुळस, दूर्वा, केळीचे खुंट व पाने हे सर्व खड्ड्यात उत्तम कुजते. परंतु हारातील दोरे, जर, प्लास्टिकची फुले, कापराच्या पुड्या व अगरबत्तीची वेष्टने काढल्यावाचून एक टोपलीही खड्ड्यात जाऊ नये. हे काम गोशाळेत नव्हे, गाभाऱ्याबाहेर, निर्माल्य गोळा होते तेथेच व्हावे. एकदा शेणात मिसळलेला नायलॉनचा दोरा निवडून काढणे कोणास साधलेले नाही, आणि तो शेतात गेला की चरणाऱ्या गाईच्या पोटात जातो. नारळाच्या करवंट्या व शेंड्या वर्ष-वर्ष कुजत नाहीत, त्या बाजूस ठेवाव्यात. रासायनिक गुलाल लागलेली फुलेही वेगळी काढावीत. ज्या देवळास स्वतःची शेती नाही त्यांनी खड्ड्याच्या भरीस पडू नये. इंदूर येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला आहे, तेव्हा निर्माल्य वेगळे करून नगरपालिकेच्या गाडीस देणे अशांसाठी सोयीचे.

इतर पद्धती

तीन वेळा माल पलटण्यास मजूर लागतात, ही इंदूर पद्धतीची खरी अडचण होय. ती टाळण्यासाठी पुढे इतर रीती निघाल्या. १९३९ मध्ये आचार्य यांनी बंगलोर पद्धती काढली. तीत खड्डा बंद करून ठेवतात व पलटणे नसते, पण वेळ अधिक लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे श्री. नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक ‘नाडेप काका’ म्हणत, यांनी जाळीदार विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे टाके सुचविले. भिंतीतील छिद्रांतून हवा मिळते, शेण थोडे लागते, मातीचे थर देतात व चार महिन्यांच्या सुमारास खत होते. जेथे जनावरे पाच-सात व माणूस एकच, तेथे नाडेप टाकेच बरे. जनावरे तीस-चाळीस असतील व सेवेस येणारी मंडळी असतील तेथे इंदूर पद्धती अधिक खत देते.

पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्या जीवामृताविषयीही भाविक विचारतात. एकरास १० किलो शेण, तितकेच लिटर गोमूत्र, गूळ, बेसन व २०० लिटर पाणी अशी ती कृती आहे. ते जिवाणूंचे विरजण आहे. ज्या जमिनीत कुजण्यास काहीच नाही तेथे नुसते विरजण घालून काय व्हावयाचे? आच्छादन व खत असेल तर त्याचा उपयोग आहे.

चराई, मेंढ्या व बेवड

खत शेतात वाहून नेण्याऐवजी जनावरच शेतात नेणे, ही रीत याहून जुनी आहे. दख्खनमध्ये धनगरांचे कळप शेतात बसविण्यासाठी शेतकरी आजही त्यांना मोबदला देतात. माळव्यात राजस्थानातून रायका लोक मेंढ्यांचे कळप घेऊन येतात. ज्या होळकर घराण्याने या नगरास वैभव दिले ते धनगरांचेच, हे येथे आठवावे. रब्बी निघाल्यावर देवस्थानच्या शेतात चार रात्री कळप बसू दिला, तर लेंड्या व मूत्र थेट मातीत जाते आणि वाहतुकीचा पैसाही खर्च होत नाही. कळपास हाकलून देण्याऐवजी पाण्याची सोय करून द्यावी.

गोशाळेस चरनोई जमीन असेल तर ती तारेने किंवा काटेरी कुंपणाने चार-सहा भागांत विभागावी व एका वेळी एकाच भागात गुरे सोडावीत. पावसाळ्यात प्रत्येक भागास निदान महिनाभर विसावा मिळाला पाहिजे. सर्वत्र मोकळी सोडलेली गुरे गोड गवत मुळापासून खातात, आणि दोन-तीन वर्षांत तेथे टाकळा व गाजरगवत तेवढे उरते. माळवी व निमाडी जातींची जनावरे ओझ्यास व चालण्यास काटक आहेत, दुधास बेताची. त्यांना रोज चालविणे हेच त्यांचे आरोग्य. बेवडासाठी एखाद्या तुकड्यात खरिपात ताग पेरून फुलावर येताच गाडावा. आजचे काही तज्ज्ञ जमीन नांगरूच नये असे सांगतात. हॉवर्ड नांगरीत. येथील भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी तुंबते व त्याचा निचरा आधी हवा, हे मात्र उभयपक्षी मान्य होईल.

काही सावधगिरीच्या गोष्टी

आपल्या सकस चाऱ्यावर वाढलेल्या बैलांनी लाळ्या-खुरकुताच्या जनावरांशी नाक घासले तरी त्यांस रोग झाला नाही, असा पुसा येथील अनुभव हॉवर्ड यांनी लिहिला आहे. तो वाचून कोणी लसीकरण टाळू नये. गोशाळेत रोज नवे, अशक्त व अनोळखी जनावर येते, तेथे हा भरवसा चालणार नाही. लाळ्या-खुरकुतासाठी २०१९ पासून केंद्र शासनाचा राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम चालू आहे, त्याचा लाभ घ्यावा व नव्या जनावरास काही दिवस वेगळे बांधावे.

आणखी एक गोष्ट विश्वस्तांसाठी. खताच्या विक्रीतून गोशाळेचा सगळा चारा निघेल असे कोणी सांगितल्यास ते मनावर घेऊ नये. तसे होत नाही. हॉवर्ड यांच्या बैलांस शेतात काम होते, आपल्या जनावरांस नाही, हा फरक विसरता येत नाही. परंतु देवस्थानच्या जमिनीस हेक्टरी ५ ते १० टन खत दर वर्षी मिळू लागले, तर बाहेरून आणावयाच्या खताचा खर्च उतरतो. धान्य व चारा स्वतःच्या शेतातून निघतो आणि महाप्रसादाचा गहू कोठून आला हे सांगता येते. हा जमेचा आकडा गोशाळेच्या खात्यावर लिहिला जात नाही, तो शेतीच्या खात्यावर जातो. म्हणून गोशाळा सदैव तोट्यात दिसते. गोशाळेने शेतीस दिलेल्या खताच्या गाड्यांची नोंद ठेवून, त्यांचे मूल्य वार्षिक ताळेबंदात दाखवावे, अशी सूचना आहे.

जमीन सुधारते आहे किंवा नाही हे पाहण्यास माती-परीक्षण पुरेसे आहे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याहून कमी असल्यास ‘कमी’, ०.७५ टक्क्याहून अधिक असल्यास ‘अधिक’ असा शेरा मिळतो. खत घालण्यापूर्वी एकदा नमुना द्यावा, नंतर त्याच तुकड्यातून, त्याच महिन्यात, तीन वर्षांनी पुन्हा द्यावा. एका वर्षात फरक दिसण्याची अपेक्षा करू नये.

प्रारंभ करणाऱ्यांनी एकच खड्डा घ्यावा. लांबी-रुंदी जनावरांच्या संख्येप्रमाणे कमी करावी, खोली दोन फूटच ठेवावी. जागा पाण्याजवळ, गोठ्यालगत व सावलीची असावी, कारण उन्हाळ्यात पाणी पुष्कळ लागते. पहिल्या खड्ड्यास विरजण नसते, तेथे जुन्या उकिरड्याच्या आतील थरातील दोन टोपल्या माल चालतो. फाल्गुनाच्या अखेरीस गव्हाची कापणी होताच काड उचलून खड्डा भरावयास घेतला, तर ज्येष्ठात, सोयाबीनच्या पेरणीपूर्वी, खत शेतात पडते.